आमच्या मुलींना सामने द्या: कोकणातल्या क्रीडा मंडळांना खुलं पत्र

प्रति,
गावोगावच्या क्रीडा मंडळांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि मुंबई मंडळांचे सर्व सभासद,
यांना सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, गणपती-दिवाळी आटोपली की तुमच्या मीटिंगा सुरू होतील. मे महिन्यातल्या क्रिकेटच्या तारखा, प्रवेश फी, ट्रॉफ्या कोणाकडून, फ्लडलाइट कोणाचे, कॉमेंट्रीला कोण, यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचं का, हे सगळं तिथेच ठरतं. त्याच मीटिंगमध्ये माझा एक विषय घ्यावा ही विनंती. मी वेंगुर्ले तालुक्यातल्या एका हायस्कूलात शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचा फुटबॉल संघ बघते. पत्र थोडं लांबेल, पण पूर्ण वाचा.

आमच्या मुलींना सामने हवे आहेत. शाल-श्रीफळ नको, महिला दिनाचा सत्कार नको, ट्रॅकसूटही एक वेळ नको. सामने द्या. असं का म्हणते ते कळण्यासाठी दोन बायकांची कारकीर्द सांगते. दोघीही मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मधल्या फळीत खेळणाऱ्या, आणि दोघींचीही आंतरराष्ट्रीय सुरुवात १९९५ ची.

पहिली ओइनाम बेमबेम देवी, मणिपूरची. जन्म १९८०. लहानपणी मुलगे खेळायला घेईनात म्हणून ती आपलं नाव बोबो किंवा अमको सांगायची, म्हणजे समोरच्यांना मुलगाच वाटावा. १९९१ मध्ये मणिपूरच्या १३ वर्षांखालच्या संघात आली, १९९३ पासून राज्याच्या मोठ्या संघात नियमित झाली आणि १९९५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत गुआमविरुद्ध भारताकडून उतरली. पंधरावं वर्ष म्हणजे आपल्याकडची नववी-दहावी. तिथून ती २०१६ पर्यंत खेळली. २०१०, २०१२ आणि २०१४ ची सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेची, विजेतेपदं, २०१० ला ढाक्यात आणि २०१६ ला शिलाँगमध्ये दक्षिण आशियाई खेळांचं सुवर्ण, मध्ये २०१४ ला मालदीवच्या न्यू रेडियंट क्लबकडून परदेशी मैदान. २०१७ ला अर्जुन पुरस्कार, २०२० ला पद्मश्री. पद्मश्री मिळालेली ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू.

दुसरी ब्राझीलची फोर्मिगा. जन्म मार्च १९७८, साल्वादोर या समुद्रकाठच्या शहरात. ती जन्मली तेव्हा तिच्या देशात बायकांनी फुटबॉल खेळायला कायद्यानेच बंदी होती. १९४१ ला घातलेली ती बंदी १९७९ ला उठली. फुटबॉलवेड्या ब्राझीलमध्ये हे असं होतं, हे आमच्या मुलींना सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. फोर्मिगा सतरा वर्षांची असताना १९९५ च्या वर्ल्ड कपला गेली, आणि २०१९ पर्यंत एकही वर्ल्ड कप चुकला नाही. सात वर्ल्ड कप. ऑलिंपिकही सात, १९९६ पासून टोकियोपर्यंत, त्यात २००४ आणि २००८ ची रौप्यपदकं. सदतिसाव्या वर्षी वर्ल्ड कपमध्ये गोल केला, एकेचाळिसाव्या वर्षी वर्ल्ड कप खेळली. देशाकडून दोनशेहून जास्त सामने. आणि तिचा निरोपाचा सामना कोणाविरुद्ध होता? भारताविरुद्ध. २५ नोव्हेंबर २०२१, मनौस शहर. आपण ६-१ ने हरलो. आपला एकमेव गोल मनीषा कल्याणने केला आणि त्या गोलने काही वेळ आपण बरोबरीत होतो. उत्तरार्धात त्रेचाळीस वर्षांची फोर्मिगा मैदानात आली, अख्खं स्टेडियम उभं राहिलं.

आता या दोन कारकिर्दी शेजारी ठेवा. सुरुवात एकाच वर्षी, मैदानावरची जागा एकच, दोघींची चिकाटी सारखीच. फोर्मिगा एकविसाव्या, पंचविसाव्या, तिसाव्या वर्षी जगातल्या उत्तम संघांशी खेळत होती. बेमबेमचं काय झालं? २००९ साली फिफाने भारतीय महिला संघाचं नाव क्रमवारीतून काढून टाकलं, कारण दीड वर्षाहून जास्त काळ संघ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. बेमबेम तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. मिडफिल्डरची ही सगळ्यात पिकलेली वर्षं. पाय अजून साथ देतात आणि डोकं तयार झालेलं असतं. ती वर्षं तिने राज्याच्या आणि पोलिसांच्या संघाकडून खेळत काढली. देशाच्या जर्सीत खेळायला सामनाच नव्हता. मला याचं आजही वाईट वाटतं. आपल्याकडे राष्ट्रीय महिला लीग सुरू झाली ती २०१७ च्या सुरुवातीला, तिची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपल्यावर. तरी ती पहिल्या मोसमात ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनकडून उतरली आणि त्या संघाने पहिलं विजेतेपद घेतलं.

मिडफिल्डरबद्दलच एवढं का बोलते? कारण सामन्यांशिवाय जी घडूच शकत नाही ती हीच जागा. गोलकीपरला एकटीला पकडून भिंतीवर चेंडू मारत तयार करता येतं, निदान सुरुवात करून देता येते. फॉरवर्डला धाव असली, नेम असला की निम्मं काम झालं. बचावपटूच्या पाठीशी आपला गोल असतो, संकट कुठून येणार ते समोर दिसतं. मधल्या मुलीला मात्र चारही बाजूंनी माणसं. चेंडू समोरून येतो आणि धोका पाठीमागून. पास कोणाला द्यायचा हे चेंडू पायात आल्यावर ठरवायला गेली तर उशीर झाला, ते आधीच ठरलेलं हवं. हा अंदाज सरावाचे प्लॅस्टिकचे कोन मांडून, शिट्टी वाजवून शिकवता येत नाही, मी करून बघितलंय. अनोळखी संघ समोर येतो, ते वेगळंच काही करतात, आपण चेंडू गमावतो, पुढच्या वेळी तिथे गमावत नाही. असे प्रसंग शेकड्यांनी साठावे लागतात, आणि तेही बारा ते सोळा या वयात.

माझ्याकडे आठवीत एक मुलगी आहे. नाव लिहीत नाही. तिचा बाप मासेमारीला जातो, घर किनाऱ्यालगत. ती चेंडू यायच्या आधी एकदा डाव्या, एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघते. अगदी पटकन, मान हललेली कळतही नाही. मग चेंडू लांबच्या पायाच्या आतल्या बाजूने घेते, घेताना अर्धी वळलेली असते, त्यामुळे अंगावर धावत आलेली मुलगी तिच्या पाठीवर राहते आणि हिच्यासमोर मैदान मोकळं. हे मी शिकवलेलं नाही. चुलतभावांबरोबर पुळणीवर खेळताना चेंडू मिळाला की मागून धक्का बसायचा, वाळूत तोंडावर पडायची, त्यातून आधी बघायची सवय लागली. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला आपल्याकडे संध्याकाळी ओहोटी असते, पाणी लांब जातं, ओली पुळण पायाखाली घट्ट होते. त्या तासाभरात ती जे शिकली ते कुठल्या कोचिंग कॅम्पात शिकली नसती.

गेल्या पावसाळ्यानंतर भावांनी तिला घेणं बंद केलं. आजीने मला बाजारात गाठून विचारलं, "बाई, चेडू आता मोठा झाला, मैदानार कित्याक धाडूचा?" म्हणजे मुलगी आता मोठी झाली, तिला मैदानावर कशाला पाठवायचं? म्हातारी भांडायला आली नव्हती, तिला खरंच उत्तर हवं होतं. मी सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण सांगितलं, दहावीचे वाढीव क्रीडागुण सांगितले. ते तिला पटलं असावं. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, "आणि खेळतला कोणावांगडा?" म्हणजे खेळणार कोणाबरोबर?

तिथे मी गप्प झाले. कारण शालेय स्पर्धा असतात, १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या, पण मुलींच्या फुटबॉलला तालुक्यात दुसरा संघच उभा राहत नाही. मग 'पुढे चाल'. प्रमाणपत्र मिळतं, सामना मिळत नाही. जिल्ह्याला गेलं की नशिबाने एखादा सामना, आणि तिथून वर विभागाला गेलं की समोर घाटावरच्या मुली, ज्यांच्या पायात वर्षभराचे सामने असतात. आमच्या पोरी पहिल्या दहा मिनिटांत गोंधळतात, तेवढ्यात दोन गोल होतात. परतीच्या गाडीत त्या एकमेकींना दोष देतात. दोष त्यांचा नसतो.

हेच देशाच्या पातळीवर झालेलं आपण पाहिलं. २०२२ चा मुलींचा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला. त्याचे बरेच सामने आपल्याच किनाऱ्यावर होते. काही गोव्यात फातोर्ड्याला झाले आणि फायनल नवी मुंबईत, जिथे स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. भारताचे सामने भुवनेश्वरला होते: अमेरिकेशी ०-८, मोरोक्कोशी ०-३, ब्राझीलशी ०-५. लोकांनी त्या मुलींना नावं ठेवली. समोरच्या संघांतल्या मुली लहानपणापासून लीग खेळत मोठ्या झाल्या होत्या, आणि आपल्या मुली शिबिरात सराव करून आल्या होत्या. हा फरक ज्याला दिसला नाही त्याने नावं ठेवली.

चित्र बदलतही आहे, तेही सांगायला हवं. ५ जुलै २०२५ ला चियांग माईमध्ये भारताने थायलंडला त्यांच्याच घरी २-१ ने हरवलं आणि २०२६ च्या आशियाई कपात जागा मिळवली. पात्रता फेरी जिंकून तिथे जायची ही पहिलीच वेळ. थायलंड म्हणजे दोन वर्ल्ड कप खेळलेला संघ. आपले दोन्ही गोल एका मिडफिल्डरने केले, पश्चिम बंगालच्या संगीता बासफोरने. ती सशस्त्र सीमा बलात नोकरीला आहे. भारताच्या मधल्या फळीत वर्षानुवर्षं खेळलेली इंदुमती कथिरेसन तमिळनाडू पोलिसांत सब-इन्स्पेक्टर आहे, आणि ती कडलूरची, म्हणजे आपल्यासारख्याच समुद्रकाठच्या गावची. बेमबेमही मणिपूर पोलिसांत होती. आजीला मी हेही सांगितलं. क्लब फुटबॉलवर पोट भरेल असं मी कोणाला सांगत नाही, मोजक्या जणींचं भरतं. पण खेळातून खाकी वर्दीपर्यंतची वाट खरी आहे आणि कोकणातल्या आई-बापांना ती वाट समजते.

आता मंडळांचा विषय. मणिपूरकडे काय होतं जे आपल्याकडे नाही? पैसा नव्हता, मोठी स्टेडियमं नव्हती. तिथे प्रत्येक लेइकाईत, म्हणजे वस्तीत, स्थानिक क्लब आहे. लोकांनी वर्गणी काढून चालवलेला, स्वतःच्या मैदानाचा. या क्लबांच्या आपसांतल्या सामन्यांतून मुली वर येतात. म्हणूनच एवढंसं राज्य राष्ट्रीय महिला स्पर्धा वीसहून जास्त वेळा जिंकलं. वस्तीचा क्लब म्हणजे आपलं मंडळच की. आंबोली किंवा गगनबावड्याचा घाट चढून वर गेलात तर कोल्हापुरातही तेच दिसेल. तिथला फुटबॉल पेठांच्या तालीम मंडळांनी वाढवला, शाहू स्टेडियमवर पेठेच्या झेंड्यामागे माणूस उभा राहतो. आणि खाली आरोंद्याला तेरेखोल ओलांडली की गोवा, जिथे गावच्या मैदानावर संध्याकाळी फुटबॉलच असतो. त्याच गोव्याच्या योलांदा डिसोझा भारताकडून खेळल्या, तेही आपल्याकडे मुलींचा फुटबॉल कोणी ऐकलाही नव्हता त्या काळात. वर घाटावर आहे, खाली खाडीपलीकडे आहे, मधल्या आपल्या पट्टीतच मुलींच्या वाट्याला मैदान नाही.

आणि स्पर्धा भरवण्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही. चार दिवसांत कातळावर मैदान करता, रात्रीचे दिवे लावता, मुंबईहून एसटी-ट्रेनला लटकत आलेल्या पोरांची जेवणं करता, वाडीवाडीचे संघ वेळेवर उभे करता. सरकारी खात्याला जमणार नाही असं नियोजन तुम्ही वर्गणीवर करता. मुलींच्या खेळाला तुमचा विरोध आहे असंही मी मानत नाही. कबड्डीत आपल्या मुली उतरतात, त्यांना टाळ्या पडतात, त्यांचे फोटो बॅनरवर लागतात. फुटबॉल तेवढा राहून गेला.

तुमच्याकडे मागणं असं आहे. प्रत्येक मंडळाने आपल्या क्रिकेट स्पर्धेच्या दिवसांत संध्याकाळी एक सामना मुलींच्या फुटबॉलचा ठेवावा. सातजणींचा संघ पुरे, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव पुरे. तुमचं मैदान आखलेलं असतं, माईक असतो, प्रेक्षक असतात. वेगळा खर्च बांबूच्या दोन गोलपोस्टांचा. आणि स्पर्धेबाहेर, भातकापणी झाल्यापासून पाऊस लागेपर्यंत, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मैदान मुलींसाठी राखून ठेवा. राखून म्हणजे त्या वेळी तिथे नेटची प्रॅक्टिस नाही, बाइक शिकणं नाही, "थोडा वेळ बाजूला खेळा गो" नाही. लहान मुली, बारा-तेरापर्यंतच्या, मुलग्यांच्या संघात खेळू द्या. तो धक्का, तो वेग त्यांना तिथेच कळतो. बेमबेमला त्यासाठी खोटं नाव सांगावं लागलं. आपल्या गावात कोणावर ती वेळ येऊ नये.

सगळ्यात अवघड प्रश्न जाण्या-येण्याचा आहे आणि त्यावर मला तुमची खरी मदत लागेल. शाळेला जायला मुलींना एसटीचा पास मोफत आहे, पण रविवारच्या सामन्याला शेजारच्या गावी जायचं तर गाडीची वेळ जुळत नाही. सामना संपेपर्यंत परतीची गाडी गेलेली असते, मग वस्तीची एसटी, तोवर काळोख. रस्त्याला दिवे नाहीत. आई-बाप नको म्हणतात ते याच कारणाने, त्यांना मागासलेलं म्हणून मोकळं होऊ नका. मंडळाकडे टेम्पो असतो, सभासदांच्या गाड्या असतात. संघाबरोबर एक आई किंवा शिक्षिका येईल, ती व्यवस्था आमची. तुम्ही फक्त दिवेलागणीच्या आत पोरी घरी पोचतील अशी गाडी द्या. आणि मैदानाजवळच्या एखाद्या घरात कपडे बदलायला खोली व संडास मिळवून द्या. ज्यांनी कधी मुलींचा संघ नेला नाही त्यांच्या हे लक्षात येत नाही. पाळी आलेली मुलगी तीन तास मैदानावर अवघडून बसते आणि पुढच्या सामन्याला येत नाही. आम्ही कारण विचारतो तेव्हा ती सांगते, पोटात दुखत होतं.

कोणी म्हणेल, मुली येतच नाहीत, मैदान रिकामं राहील. पहिल्या वर्षी राहील. क्रिकेटलाही पहिल्या वर्षी चारच संघ आले असतील. ज्या गावात सामना दिसतो त्या गावात पुढच्या मोसमात मुली मागून घेतात, कारण धाकट्या बहिणी बांधावर बसून बघत असतात. कोणी म्हणेल, एवढं करून भारताकडून कोण खेळणार आहे? खेळेल किंवा खेळणार नाही. क्रिकेटच्या एवढ्या स्पर्धा भरवताना हा प्रश्न आपण मुलग्यांना विचारला नाही.

मुंबईकर मंडळींना वेगळं सांगते. तुम्ही वर्गणी देता, तुमचा शब्द गावात चालतो. यंदा बक्षिसाची रक्कम वाढवण्याआधी त्यातला एक वाटा बाजूला काढा आणि त्यातून चेंडू घ्या. कातळावर चेंडूची कातडी मोसमभर टिकत नाही. बारा वर्षांपर्यंतच्या मुलींना चार नंबरचा लागतो, मोठ्यांना पाच नंबरचा, दोन्ही वेगळे घ्यावे लागतील. पायाला शिनगार्ड हवेत. रेफ्रीचं मानधन द्या, गावचाच कोणी शिट्टी घेऊन उभा राहिला की भांडणं होतात, आणि मुलींच्या सामन्यात भांडण झालं की पुढचा सामना कायमचा बंद होतो.

आमच्या शाळेचा संघ यंदा कापणीनंतर कुठल्याही गावी यायला तयार आहे. वेंगुर्ले, सावंतवाडी, मालवण, कुडाळ या तालुक्यांत रविवारी सकाळी किंवा दुपारी तीननंतर, गाडीची सोय झाल्यास त्याही पलीकडे. ज्या मंडळाकडे मुलींचा संघ अजून नाही त्यांनी पाच-सहा जणी जरी जमवल्या तरी चालेल, आमच्यातल्या दोघी-तिघी त्यांच्याकडून खेळतील. चेंडू, संघ ओळखायला जर्सीवर घालायचे बिब आणि प्रथमोपचाराची पेटी आम्ही आणू. तुम्ही मळा मोकळा करून भाताची धसकटं काढून ठेवा, बांबू रोवा, पाण्याचा ड्रम भरा आणि तारीख कळवा. निरोप शाळेत मुख्याध्यापकांकडे दिला तरी माझ्यापर्यंत पोचेल.

आपली,
वेंगुर्ले तालुक्यातल्या एका हायस्कूलची क्रीडाशिक्षिका